विद्यापीठातली व्याख्यानं: 'प्रवेश सर्वांना खुला' म्हणजे नक्की कोणाला?

पायरीवरची

नमस्कार मंडळी.

मी निवृत्त, राहणार पुणे. गेली काही वर्षं विद्यापीठांतली आणि संशोधन संस्थांमधली व्याख्यानं ऐकायला जाते. अमुकच विषय असं काही नाही. इतिहास, अर्थशास्त्र, खगोल, भाषा, जे कानावर पडेल ते. शिक्षण वाणिज्य शाखेचं, त्यामुळे जाईन तिथे मी बाहेरचीच.

धागा काढायचं कारण असं. निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी 'प्रवेश सर्वांना खुला' असं छापलेलं असतं. पण ती पत्रिका लागते कुठे, तर विभागाच्या जिन्यातल्या फलकावर. वेळ काय, तर मंगळवारी सकाळी साडेअकरा. जो त्या जिन्याने जातच नाही त्याला कळायचं कसं, आणि कळलं तरी नोकरी सोडून यायचं कसं? एका विद्यापीठाच्या (नाव घेत नाही) फाटकावर रखवालदाराने विचारलं, "कोणाकडे काम आहे?" म्हटलं, व्याख्यान ऐकायचंय. त्याने वहीत 'कामाचे स्वरूप' या रकान्यात लिहिलं: खाजगी.

आत कोणी अडवत नाही, हे शपथेवर सांगते. बसू देतात, चहाही देतात. पण बाहेरचं कोणी येईल असं धरून काहीच ठरवलेलं नसतं. वेळ नाही, जागा नाही, भाषा तर नाहीच.

पुण्यात असं म्हणावं लागतंय याचं जास्त वाईट वाटतं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती विद्यापीठाची नव्हे, पण संध्याकाळी उठून भाषणाला जायचं हे वळण शहराला तिने लावलं. गोखले अर्थशास्त्र संस्थेची काळे स्मृती व्याख्यानं घ्या. २९ जानेवारी १९३९ ला त्या व्याख्यानासाठी गोखले हॉलमध्ये डॉ. आंबेडकर उभे राहिले आणि १९३५ च्या भारत सरकार कायद्यातल्या संघराज्याच्या योजनेची त्यांनी साग्रसंगीत चिरफाड केली. पुढे त्याची पुस्तिका निघाली. ती वाचा एकदा. संस्थानिकांचे अधिकार, मध्यवर्ती विधिमंडळाची रचना, कुठे काही सोपं करून भरवलेलं नाही. तरी माझ्यासारखीला कळतं, कारण एक मुद्दा संपल्याशिवाय ते दुसऱ्याला हात घालत नाहीत.

तर तुमच्या गावात काय परिस्थिती आहे? विद्यार्थी किंवा प्राध्यापक नसताना तुम्ही अशा ठिकाणी जाता का?

तिसरी_रांग

ताई, सभागृहात मागे हजेरीसाठी आणून बसवलेली जी मुलं तुम्हाला दिसत असतील ना, ते आम्ही.

आमच्याकडे नोटीस येते: 'सर्व विद्यार्थ्यांची उपस्थिती अनिवार्य'. विषय सांगत नाहीत. परवा वस्त्रोद्योगातल्या कुठल्याशा धोरणावर भाषण होतं आणि आम्ही सूक्ष्मजीवशास्त्रवाले. कारण एकच, पाहुणे मोठे आणि हॉल रिकामा दिसता कामा नये. फोटो निघेपर्यंत कोणी हलायचं नाही.

आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग शाल-श्रीफळ, मग प्रमुख पाहुण्यांचा परिचय (जन्मापासून), मग प्राचार्यांचं 'थोडक्यात' मनोगत. वक्ता बोलायला उभा राहतो तेव्हा बारा वाजून गेलेले असतात आणि साडेबाराला जेवण सांगितलेलं असतं. बिचारे वक्तेच म्हणतात, "वेळेचं भान ठेवून मी आटोपतं घेतो."

लोकल_प्रवासी

स्वागतगीत!! 😄 आमच्याकडे हार्मोनियमची पट्टी आणि गाणाऱ्या मुलींची पट्टी कधी जुळली नाही.

मुंबईत मात्र एक चांगली सोय आहे. टीआयएफआरचा (म्हणजे कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था) 'चाय अँड व्हाय?' हा उपक्रम २००९ पासून चालू आहे. रविवारी सकाळी अकरा वाजता, जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात. नावनोंदणी नाही, पैसे नाहीत. शास्त्रज्ञ समोर उभा राहून बोलतो, प्रयोग करून दाखवतो, पोरं मधेच हात वर करतात. कुलाब्याला संस्थेत शिरायचं तर ओळखपत्र, सुरक्षा तपासणी सगळं आलं. त्यापेक्षा संस्थाच बाहेर पडून नाटकवाल्यांच्या जागेत आली. तुम्ही वेळ आणि जागा म्हणताय ना, ते इथे नीट जमलंय. रविवार आहे आणि स्टेशन जवळ आहे.

अवलिया_मास्तर

मी ग्रामीण भागातल्या एका महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे स्टेजच्या पलीकडची बाजू सांगतो. नाव-गाव विचारू नका.

पायरीवरचीताई, व्याख्यान आणि चर्चासत्र यांची गल्लत करू नका. एकेकट्या व्याख्यानाची अजून थोडी इज्जत आहे. चर्चासत्राचं जे झालं ते का झालं, ते ऐका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१० च्या नियमावलीत 'एपीआय' आला, म्हणजे प्राध्यापकाच्या कामगिरीचा गुणांक. बढती हवी तर गुण जमवा. निबंध वाचला की गुण, त्यातही आंतरराष्ट्रीय चर्चासत्रात वाचला तर जास्त, राष्ट्रीयमध्ये त्याहून कमी, स्थानिक असेल तर नावापुरते. कॉलेजचं मूल्यमापन करणारे नॅकवाले येतात तेव्हा कॉलेजनेही किती चर्चासत्रं भरवली ते दाखवावं लागतं. झालं! जिल्ह्याजिल्ह्यात आंतरराष्ट्रीय चर्चासत्रांचा पाऊस पडला. नेपाळहून एक पाहुणा आणला की आंतरराष्ट्रीय. करोनानंतर त्याचीही गरज उरली नाही, कोणाचा तरी भाचा परदेशातून झूमवर येतो.

नोंदणी शुल्क भरायचं, निबंध आधी पाठवायचा, तो आयएसबीएन असलेल्या जाडजूड ग्रंथात छापून येतो. प्रत्यक्ष वाचायला मिनिटं मिळतात पाच. एकाच वेळी चार वर्गखोल्यांत चार सत्रं. खोलीत कोण, तर ज्यांचा नंबर यायचाय ते आणि सत्राध्यक्ष. ज्याचं वाचून झालं तो प्रमाणपत्राच्या रांगेत. दुपारी तीननंतर समारोपाला संयोजकांशिवाय कोणी नसतं, कारण शेवटची एसटी गाठायची असते. २०१८ ला नियम बदलले, पण लागलेलं वळण इतक्या सहज सुटत नाही.

याला प्राध्यापक आळशी, अप्रामाणिक असं कोणी म्हणालं की मला राग येतो. हिशेब वरून आला, आम्ही गुण मोजायला शिकलो. अशा ठिकाणी तुम्ही श्रोता म्हणून आलात तर आमची पंचाईत होईल. उपस्थितांच्या यादीत तुम्हाला कोणत्या रकान्यात टाकायचं?

पायरीवरची

'खाजगी' च्या!

खडू_फळा

मी एका संस्थेत भौतिकशास्त्रात संशोधन करते. थोडी विरोधी बाजू मांडते, रागावू नका.

विद्यापीठात जे जे बोललं जातं ते सगळं लोकांसाठी असावं ही अपेक्षाच मला पटत नाही. आमच्याकडे ढोबळमानाने तीन थर असतात. गटाचा किंवा विभागाचा सेमिनार: यात बोलणारा अर्धवट झालेलं काम मांडतो, चार-पाच माणसं त्याला मधेच तोडतात, "ही पायरी कशी घेतली?" म्हणून फळ्यावर वाद होतो. कलोक्वियम: अख्ख्या विभागासाठी, म्हणजे शेजारच्या विषयातल्या माणसाला कळेल असं. आणि जाहीर व्याख्यान: कोणालाही. पहिल्या प्रकारात बाहेरचे श्रोते धरून बोलायला लागलो तर पाऊण तास प्रस्तावनेत जाईल आणि चूक कोणी पकडणारच नाही. चूक पकडली जावी म्हणूनच तर तो सेमिनार असतो.

म्हणून ताई, पत्रिकेवर यातला कुठला प्रकार आहे ते आधी बघा. बघूनही कळलं नाही तर शीर्षक वाचा. शीर्षकात तीन शब्द अनोळखी असले तर घरी चहा घ्या. (गंमत हं. या तुम्ही, पण पहिल्या दहा मिनिटांत जे कळेल तेच तुमचं, पुढे चित्रं बघायची. मीही दुसऱ्याच्या विषयात हेच करते.)

जाहीर व्याख्यानाचं मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. ते मंगळवारी साडेअकराला ठेवायचं काहीही कारण नाही. कारण विचाराल तर सभागृहाचा शिपाई साडेपाचला घरी जातो, आणि संस्थेची बसही.

आयुकाचं, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेचं, उदाहरण द्यायला हवं. डॉ. नारळीकरांनी संस्था उभी करतानाच शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं सुरू केली, इंग्रजीत आणि मराठी-हिंदीत. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी तर आवार सगळ्यांना खुलं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आवारातही तेव्हा प्रदर्शन असतं, आसपासच्या शाळा एसटी करून येतात. अख्ख्या जगात नाव असलेली दुर्बीण आपल्या शिवारात आहे, हे त्या पोरांना असं कळतं.

दीडपट_वेग

एक प्रामाणिक प्रश्न. सगळं यूट्यूबवर आहे. बेंगळुरूच्या आयसीटीएस या विज्ञान संस्थेपासून परदेशी विद्यापीठांपर्यंत हजारो व्याख्यानं फुकट, हवी तेव्हा थांबवा, परत ऐका. ट्रॅफिकमधून दीड तास जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर कशाला बसायचं?

तिसरी_रांग

@दीडपट_वेग, यूट्यूबवर वक्त्याला प्रश्न विचारता येत नाही.

दीडपट_वेग

सभागृहातही येत नाही रे. माइक पहिल्या रांगेतल्या काकांकडे जातो आणि ते म्हणतात, "माझा प्रश्न नाही, छोटंसं निवेदन आहे."

लोकल_प्रवासी

+१. 'सन १९७२ मध्ये मी स्वतः...' अशी सुरुवात झाली की मी चप्पल शोधतो.

टेम्सकाठ

लंडनहून लिहितेय. इथे ग्रेशम कॉलेज म्हणून एक अजब प्रकार आहे. पदवी देत नाही, विद्यार्थी घेत नाही, परीक्षा नाहीत. फक्त जाहीर व्याख्यानं, तीही १५९७ पासून. सर थॉमस ग्रेशम नावाच्या व्यापाऱ्याने मृत्युपत्रात तरतूद केली होती: सात विषयांचे सात प्राध्यापक आणि लंडनच्या लोकांना फुकट व्याख्यानं. विषय खगोल, भूमिती, संगीत, वैद्यक, कायदा, धर्मशास्त्र, वक्तृत्व. गंमत म्हणजे तेव्हा एकच व्याख्यान लॅटिनमध्ये आणि इंग्रजीत असं दोनदा द्यायचे. विद्वानांसाठी एक, शहरातल्या लोकांसाठी एक. खडू_फळा यांनी आयुकाचं सांगितलं तेव्हा हेच आठवलं.

२८ नोव्हेंबर १६६० ला तिथे ख्रिस्तोफर रेनचं खगोलशास्त्रावरचं व्याख्यान झालं. ते संपल्यावर काही मंडळी मागे थांबून बोलत बसली आणि त्या बैठकीतून रॉयल सोसायटी ही शास्त्रज्ञांची संस्था निघाली. दीडपट_वेग यांना माझं उत्तर हेच: व्याख्यान संपल्यावरच्या गप्पा रेकॉर्ड होत नाहीत.

आता ती व्याख्यानं होबर्नच्या बार्नार्ड्स इन हॉलमध्ये होतात. ऑफिस सुटल्यावर लोक येतात. आजोबा लोक इथेही निवेदनं करतात, त्यावर औषध नाही. फक्त अध्यक्ष दुसऱ्या वाक्याला हसून म्हणतात, "आणि प्रश्न?"

अवलिया_मास्तर

आमच्याकडे निवेदन करणारे बहुधा संस्थेचे विश्वस्त असतात, त्यांना कोण हसून विचारणार.

ताळगावकर

गोव्याचं सांगतो, कारण इथे बाहेरच्या माणसाला रीतसर जागा आहे.

गोवा विद्यापीठात अभ्यागत संशोधक प्राध्यापकांची एक योजना आहे. नामवंत माणसांच्या नावाने अध्यासनं: दामोदर धर्मानंद कोसंबी, बाकीबाब बोरकर, मारियो मिरांडा, दयानंद बांदोडकर, शिवाय अँथनी गोन्साल्विस, म्हणजे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यावर बाहेरून कोणीतरी जाणकार येतो आणि छोटा अभ्यासक्रम घेतो. एम.ए.ची मुलं, शिक्षक, वकील, गृहिणी, निवृत्त लोक, ज्याला हवं त्याने नाव नोंदवायचं. एका भाषणात वक्ता फार तर ओळख करून देतो. चार दिवस ओळीने बसलं की तुम्हीही वाद घालण्याइतके तयार होता. माझा या योजनेवर जीव आहे तो यासाठी.

कोसंबींची जन्मशताब्दी २००७ ला झाली आणि २००८ पासून पणजीला कला अकादमीत राज्य सरकारतर्फे त्यांच्या नावाचा विचार महोत्सव सुरू झाला. तिथे मोठी नावं, मोठी गर्दी, पार्किंगला जागा नाही. मला विचाराल तर ताळगावच्या पठारावरची, विद्यापीठातली ती तीस-चाळीस माणसांची खोली जास्त आवडते. अडचण एकच, संध्याकाळी परतीची बस.

घोडनदी

बहिःशाल शिक्षण मंडळाचं नाव अजून कोणीच कसं घेतलं नाही?

पुणे विद्यापीठाचं हे खातं जाहीर व्याख्यानांसाठीच आहे. 'डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला' या नावाने तालुक्यातालुक्यातल्या महाविद्यालयांत भाषणं होतात. जयकर म्हणजे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, तेच ते जयकर ग्रंथालयवाले. मुंबई विद्यापीठाचाही बहिःशाल विभाग आहे. जे कॉलेजात येऊ शकत नाहीत त्यांच्यापर्यंत विद्यापीठाने जावं, ही मूळची कल्पना.

मी या मालेत बोलायला जातो. श्रोते दोन प्रकारचे भेटतात. कॉलेजच्या हॉलमध्ये दुपारी ठेवलं तर तिसरी_रांग म्हणतो तशी आणून बसवलेली मुलं. पण एका गावात प्राचार्यांनी डोकं लढवलं आणि व्याख्यान रात्री साडेआठला ग्रामपंचायतीसमोर ठेवलं. विषय पाणी आणि पिकं. दूध घालून, जेवून माणसं आली. एका शेतकऱ्याने विचारलं, "सर, तुम्ही म्हणता ऊस कमी करा. मग सोसायटीचं कर्ज कुठल्या पिकावर मिळंल तेवढं सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिल्हा बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मागे उभे होते. त्यांनी पीककर्जाचा एकरी दर कसा ठरतो, कोणत्या पिकाला किती मिळतं, हे वीस मिनिटं समजावून सांगितलं. पूर्ण व्याख्यानापेक्षा ती वीस मिनिटं सरस होती. पुढच्या वर्षी मी विषय बदलला आणि त्यांनाच सोबत बोलायला घेतलं.

पायरीवरचीताई म्हणतात ते पटतं, वेळ बदलली की श्रोता बदलतो. पण एक भर घालतो. श्रोता बदलला की व्याख्यानही बदलावं लागतं, आणि ते करायला आमच्यातले पुष्कळ जण तयार नसतात. तीच पीपीटी, तेच विनोद.

पंधरा_मिनिटं_उशिरा

जर्मनीत शिकतोय. आयडी पाहून कळलंच असेल, इथे वेळ लिहितात '१८ सी.टी.'. म्हणजे सहाचं व्याख्यान सव्वासहाला सुरू होणार, हे अधिकृत. 'एस.टी.' लिहिलं असेल तर ठोक्याला. (आपल्या एसटीशी संबंध नाही, उलटच आहे.) संपल्यावर टाळ्या वाजवत नाहीत, बाकांवर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. पहिल्यांदा मला वाटलं लोक वैतागलेत.

मुद्द्याचं: अनेक विद्यापीठांत संध्याकाळी एक माला असते, एक विषय घेऊन दर आठवड्याला वेगळ्या विभागाचा माणूस बोलतो. ती गावासाठी खुली. शिवाय थोडी फी भरून कोणीही 'पाहुणा श्रोता' म्हणून नेहमीच्या वर्गातही बसू शकतो. माझ्या इतिहासाच्या वर्गात पुढच्या रांगेत सगळे पांढरे केस. वाचन त्यांचंच जास्त झालेलं असतं, प्राध्यापक जरा बिचकूनच असतात.

पायरीवरची

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! पाहुणा श्रोता हा प्रकार आपल्याकडे आला तर पहिला अर्ज माझा. फी भरलेली असली की फाटकावर तोंड वर करून सांगता येईल.

भाषेबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून विचारते. वक्ता इंग्रजीत बोलला तर माझी तक्रार नाही, बाहेरून आलेला असतो. पण प्रश्न मराठीत विचारायची सोय हवी. मी एकदा धीर करून मराठीत विचारला, तर सूत्रसंचालक म्हणाले, "मॅडमना असं विचारायचंय..." आणि इंग्रजीत त्यांनी भलताच सोपा प्रश्न विचारला. वक्त्याने त्याचं सुंदर उत्तर दिलं. माझा प्रश्न माझ्याजवळच.

खडू_फळा

हे फार होतं. पुढच्या वेळी चिठ्ठीवर लिहून द्या, किंवा चहाच्या वेळी वक्त्याला गाठा. चहाला सूत्रसंचालक नसतो.

बाकी मराठीत कठीण बोलता येत नाही हा समज मात्र सोडा म्हणावं लोकांना. रा. गो. भांडारकरांनी १८७७ ला मुंबई विद्यापीठाची विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानं दिली ती इंग्रजीत, त्या काळाची रीतच ती. पण संस्कृत-पालीपासून मराठीपर्यंतची वाटचाल त्यांनी त्यात मांडली, ती आज मराठीत सांगायला काय अडचण आहे?

दीडपट_वेग

बरं, हरलो असं म्हणत नाही, पण एक काम करू शकतो. पुण्या-मुंबईतल्या संस्थांच्या संकेतस्थळांवर कार्यक्रमाची पानं असतात, फक्त ती कोणी उघडत नाही. सगळ्यांची मिळून एक सामायिक दिनदर्शिका बनवतो. प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी: सेमिनार की जाहीर, भाषा कोणती, फाटकावर ओळखपत्र लागतं का. फलकावरच्या पत्रिका मात्र मला घरबसल्या दिसणार नाहीत, त्यांचे फोटो तुम्ही टाका.

तिसरी_रांग

मी टाकतो, आमच्या जिन्यात रोज नवीन लागते. आत्ताचीच घे: गुरुवार, दुपारी तीन, 'प्रवेश सर्वांना खुला'. वक्त्याचं नाव आहे, अध्यक्षांचं आहे, आभार कोण मानणार तेही आहे. सभागृह कुठलं ते लिहिलेलं नाही. उद्या ऑफिसात विचारून सांगतो.

लोकल_प्रवासी

चौथी गोष्ट टाक रे दिनदर्शिकेत: स्वागतगीत आहे की नाही.